मास्तरांना कुणी विचारलंच नाही

१

गुरुवारी सकाळी दहा वाजता बाईंचा कॉम्प्युटर लाल झाला. दुपारी साडेबारापर्यंत त्या घरात गुन्हेगार ठरला, त्याला शिक्षा झाली आणि त्याच्या तोंडावर दारही लागलं. अडीच तासांत सगळा निकाल. गुन्हेगार म्हणून ज्याला धरलं, त्याचं म्हणणं काय, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ठिणगी हे सगळं ऐकत बाईंच्या खोलीत उभी होती. ऐकता ऐकता तिच्या कानशिलावरची शीर उडायला लागली होती.

ठिणगी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि ठिणगीचा धाकटा भाऊ त्यांच्या वर्गात होता. त्याला घरी न्यायला आलेली ही बहीण शेवटच्या बाकावर बसून हातांची भाषा शिकली. भावाला कुणी हसलं की ती अंगावर धावून जायची. आता ती बेचाळीस वर्षांची होती, जिन्याखालच्या खोलीत लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची, आणि धावून जायची सवय अजून मोडलेली नव्हती.

"सगळं गेलं गं," बाई म्हणाल्या. डोळे सुजलेले होते, पण आवाज शिक्षिकेचाच होता. "अठरा वर्षांचा कोश. चार हजारांवर चित्रफिती."

तो खुणांचा कोश होता. एकेक शब्द, त्याची खूण, आणि ती करणाऱ्या हातांचं चित्रण. हात बहुतेक मास्तरांचे. मास्तर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले शिंपी, बाईंच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी, जन्मापासून ऐकू न येणारे. दर सोमवारी आणि बुधवारी ते यायचे. काही चित्रफिती म्हाताऱ्या कारागिरांच्या होत्या. त्यातला एक सुतार तर दोन वर्षांपूर्वी वारला. रंध्याची, पाचरीची, लाकडाच्या उलट्या रेषेची खूण त्याच्यासारखी करणारं आता कुणी उरलं नव्हतं. जे काही होतं ते कॉम्प्युटरच्या या डब्यात.

ठिणगीने जिन्यावरून थेट आत यायच्या त्या पुढच्या खोलीवर नजर फिरवली. खिडकीला पांढरा पडदा. तिकाटण्यावर कॅमेरा. टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा, कीबोर्ड, आणि इतरांकडे स्पीकर असतात त्या दोन्ही जागी हातांवर उजेड पाडणारे दोन दिवे. पडदा भडक लाल होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं:

'आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे. फाइल नष्ट होत आहेत. मशीन बंद करू नका. त्वरित आपल्या इंजिनियरशी संपर्क साधा.'

"मी लगेच इंजिनियरला बोलावलं," दारातून बाईंचा मुलगा म्हणाला. विमा कंपनीतला माणूस, बोलणं नेहमी घाईचं. "आपला वर्षभराचा करार आहे त्यांच्याशी. अकराला आले. म्हणाले, बाहेरच्या कार्डातून आलाय. बुधवारी कोण बसलं होतं इथे? मास्तर. कॅमेऱ्याचं कार्ड कोण घालतं? मास्तर. झालं."

"इंजिनियरांनी मास्तरांचं नाव घेतलं?"

"नाव मी सांगितलं. ते म्हणाले, हो, तेच."

"आणि मग?"

"साडेबाराला मास्तर आले दारात. मी सांगितलं, परत पाऊल टाकायचं नाही. ते हात उडवत होते, काहीतरी दाखवत होते... मला कुठे कळतंय त्यातलं? दार लावलं."

"मी आत पडून होते," बाई हळू म्हणाल्या. "रक्तदाब वाढला होता. मला संध्याकाळी कळलं. कालपासून दहा संदेश पाठवले त्याला, एकाचंही उत्तर नाही."

ठिणगीने मुलाकडे पाहिलं. तीस वर्षं ज्याच्या आईने हातांनी बोलायला शिकवलं, त्या माणसाला आपल्याच दारात उभ्या असलेल्याचं एक वाक्य कळलं नव्हतं!  

"इंजिनियर परत कधी येणारेत?"

"आज पाचला. मशीन दुकानात नेणार. काही वाचवता आलं तर बघतो म्हणाले, नाहीतर पूर्ण पुसून नव्याने बसवावं लागेल."

ठिणगीने बाह्या वर सारल्या. हातात साडेसात तास होते.

२

पहिलं काम म्हणजे तिने इंटरनेटची तार उपटली. दुसरं, डबा उघडून आतली डिस्क काढली आणि तिची जशीच्या तशी नक्कल आपल्या डिस्कवर घ्यायला लावली. आधी नक्कल, मग हात लावणं. या नियमाला ती स्वतःच्या बापासाठीही अपवाद करत नसे.

नक्कल होईपर्यंत ती लाल पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो बघत बसली. काहीतरी खटकत होतं. असली लाल पानं तिने शेकड्यांनी पाहिली होती. त्यांना नेहमी काहीतरी हवं असतं. कुणी खंडणी मागतं, कुणी फोन नंबर देतं, कुणी म्हणतं इथे दाबा. या पानाला काहीच नको होतं. नंबर नाही, मागणी नाही, मुदतही नाही.

"बाई, ज्याने कुलूप घातलं त्याने किल्लीची किंमतच सांगितली नाही. असा कसा हा चोर?"

बाईंनी मोबाइल हातात घेऊन फोटो पुन्हा वाचला. 

नक्कल झाल्यावर डिस्क परत बसवून तिने मशीन सेफ मोडमध्ये सुरू केलं. त्यात फक्त गरजेपुरतं जागं होतं आणि उपटसुंभ झोपून राहतात. लाल पान आलं नाही. कोशाचा फोल्डर उघडला. रिकामा. बाईंनी तोंड फिरवलं.

ठिणगीने मात्र वेगळंच पाहिलं. डिस्कवर किती जागा भरलेली आहे, ते. शंभरातले शहाण्णव भाग.

"चार हजार चित्रफिती गेल्या ना?" ती मोठ्याने म्हणाली. "घरातलं सगळं सामान चोरीला गेलं म्हणायचं आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही! मग ही जागा अडवून बसलंय कोण?"

तिने आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. लपवलेलं सगळं दाखव, अशा अर्थाची. क्षणभर काही झालं नाही. मग फोल्डरमध्ये पिवळ्या चौकोनांची रांग लागली, दुसरी लागली, पडदा भरून खाली वाहायला लागली. तिने एक उघडला. सुताराचे जाड बोटांचे हात हवेत लाकूड तासायला लागले.

बाईंनी पदराने तोंड झाकलं.

"पुसलं नव्हतंच काही. नुसतं लपवलं होतं," ठिणगी म्हणाली.  "एका ओळीचं काम, बाई. मला तीन मिनिटं लागली. आणि हा माणूस पुसून टाकायच्या गोष्टी करतो!"

मुलगा धावत आला. "सापडलं? वा! मग झालं तर. इंजिनियरला येऊ नका सांगतो."

"येऊ द्या त्यांना."

"कशाला? कोश मिळाला ना."

"कोश मिळाला," बाई म्हणाल्या, "त्यातले हात घालवलेस तू."

मुलगा पुटपुटला, "कार्ड त्यांचंच होतं पण."

ठिणगीने लाल पानाचं मूळ शोधायला घेतलं. ठरावीक वेळी काम आपोआप सुरू करायची जी यादी मशीनमध्ये असते, तिच्यात एक उपरी नोंद सापडली: 'तेरा तारीख, सकाळी दहा.' ती नोंद एका फोल्डरकडे बोट दाखवत होती. आत तीन फाइल. लाल चित्र, लपवालपवीची आज्ञा, आणि एक आवाजाची फाइल. तिघींच्या जन्माची वेळ एकच.

"दादा, मास्तर बुधवारी आले होते. म्हणजे बारा तारखेला."

"हो."

"ही फाइल तीन तारखेची आहे. सोमवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. त्याच्या एक मिनिट आधी एक पेनड्राइव्ह लागलाय. कार्ड नाही, पेनड्राइव्ह."

मुलाचा चेहरा पडला. "कुणी लावला?"

ठिणगीने आणखी एक खिडकी उघडली. फाइल ज्या खात्यातून टाकली, त्याचं नाव तिथे होतं. ते बाईंचं नव्हतं.

ते त्यांच्या सूनबाईंचं होतं.

३

सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. ठिणगी पोचली तेव्हा त्या काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. प्रश्न ऐकून हात थांबला.

"माझ्या खात्यातून? म्हणजे मी केलं असं म्हणताय?"

"मी काहीच म्हणत नाही, वहिनी. मी विचारतेय. काल कुणी कुणाला काही विचारलं नाही, म्हणून आज मी विचारत हिंडतेय."

त्या वाक्याने सूनबाई जरा निवळल्या. "मशीनमध्ये नवीन काही बसवायची परवानगी फक्त माझ्या खात्याला आहे. यांनीच तसं ठेवलंय, आई काहीतरी भलतंच दाबतील म्हणून. आईंचाच कॉम्प्युटर, आणि त्यांनाच परवानगी नाही! मी तेव्हाच म्हटलं होतं, हे बरं दिसत नाही."

"परवलीचा शब्द?"

"पडद्याच्या मागे चिठ्ठी डकवलीय. घरात येणाऱ्या कुणालाही दिसेल."

"तीन तारखेला दुपारी चारला तुम्ही कुठे होता?"

"इथेच. सहाला सुटले. अंगठा लावावा लागतो आम्हाला, बघा हवं तर." त्यांनी हजेरीचा कागद काढून समोर धरला. खरंच होतं.

"आणि बाई?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मीच वेळ घेतली होती."

"मग घरात कोण होतं?"

सूनबाईंनी नळी स्टँडमध्ये ठेवली. अगदी सावकाश.

"हे होते," त्या म्हणाल्या. "सुट्टीवर होते त्या दिवशी. एकटेच."

४

बाहेर येऊन ठिणगीने मुलाला फोन लावला. आडवळणाने विचारणं तिला कधी जमलं नाही.

"तीन तारखेला चार वाजता तुम्ही घरी होता. काय चाललं होतं?"

"तीन... हां, पंखा घरघरत होता मशीनचा. इंजिनियर आले होते साफसफाईला. मी दार उघडून दिलं आणि गॅलरीत ऑफिसच्या फोनवर होतो, अर्धा तास तरी." मग त्याचा आवाज एकदम चढला. "थांबा! मास्तरही होते! चित्रण असतं ना सोमवारचं. आई नाही म्हटल्यावर बसून राहिले खोलीत. बघा, मी म्हणत नव्हतो? बुधवार नाही तर सोमवार!"

ठिणगीने फोन बंद केला. म्हणजे खोलीत दोन माणसं होती, एक इंजिनियर आणि एक शिंपी. यातला कोण हे ठरवायला या माणसाला अर्धा सेकंदही लागला नाही.

मास्तरांचं दुकान दोन हात रुंद. मशीनवर गणवेशाची बाही होती. दार ढकलल्यावर आत दिवा लुकलुकला. घंटेऐवजी त्यांनी तो बसवून घेतला होता. मास्तरांनी वर पाहिलं, ठिणगीला ओळखलं, आणि पुन्हा बाहीकडे पाहायला लागले.

ती समोर जाऊन उभी राहिली आणि हातांनी म्हणाली, "कोश सापडला. सगळा."

मशीन थांबलं. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले. मग त्यांचे हात उठले, आणि त्या हातांत इतका राग होता की ठिणगी एक पाऊल मागे सरली.

"चोर म्हणाला मला. ओठ कळतात मला. चोर. अठरा वर्षं त्या घरात जातोय. त्याच्या लग्नाचा कोट मी शिवला. दारात उभा राहून सांगत होतो, सांगत होतो, आणि तो माझ्या हातांकडे बघतच नव्हता. माझ्या डोक्यावरून जिन्याकडे बघत होता. शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून."

"काय सांगत होता? मला सांगा. तीन तारखेला तुम्ही खोलीत होता ना?"

"होतो."

"काय पाहिलंत?"

मास्तरांनी मान हलवली. "आत्ता नाही. मी आधी सांगितलं तर म्हणतील, स्वतःची कातडी वाचवतोय. तू जाऊन मशीनला विचार. मशीनवर विश्वास आहे त्यांचा. ते काय बोलतं ते सगळ्यांसमोर होऊ दे. मग मी बोलतो. मशीनचं आणि माझं जुळतं का बघा."

"संध्याकाळी पाचला याल?"

"त्या घरात पाय ठेवणार नाही."

"मग उंबऱ्याबाहेर उभे राहा. पण या."

त्यांनी बाही उचलली आणि मशीन सुरू केलं. सुई इतक्या जोरात चालली की टेबल थरथरायला लागलं.

५

इंजिनियरचं दुकान मोठं, काचेचं. काचेवर लिहिलेलं, 'चिंता आमच्यावर सोडा.' इंजिनियर पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. ठिणगीला त्याने बसायला खुर्ची दिली आणि एका वाक्यात तिची लायकीही ठरवून टाकली.

"तुम्ही चार्जर, केबल वगैरे बघता ना, ताई? छान. बायकांनी करायला हरकत नाही."

"बाईंच्या मशीनबद्दल विचारायचं होतं," ठिणगी म्हणाली. तोंडावर तिने मुद्दाम भोळा भाव आणला. "त्या फार हबकल्यात. नेमकं झालं काय होतं?"

"अहो, भयंकर प्रकार. मी गेलो तेव्हा पडदा लाल, आणि भोंगा नुसता केकाटत होता. कानात बोटं घालायची वेळ. बाई थरथर कापत होत्या. मी म्हटलं, आधी हा आवाज बंद करतो, मग बघू. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. काहीतरी दाबतात आणि मग रडतात."

"कार्डातून आला म्हणालात?"

"त्यांच्याकडे तो मुका येतो ना, त्याचं कार्ड. त्या लोकांना काय कळतंय?"

ठिणगीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तीन तारखेला तुम्ही गेला होता ना तिथे?"

"पंखा साफ केला. पाच मिनिटांचं काम. डब्याला बाहेरून हात लावला, बस. पेनड्राइव्हबिइव्ह काही नाही." त्याने घड्याळ पाहिलं. "करार संपतोय त्यांचा या महिन्यात. बाई म्हणत होत्या, मशीन छान चालतंय, यंदा करार नको. आता बघा. नको म्हणून चालतं का?"

ठिणगी रस्त्यावर आली. पेनड्राइव्हचा शब्द तिने उच्चारलाच नव्हता. चालता चालता ती एकदम थांबली. मागून येणारी सायकल कशीबशी बाजूने गेली.

भोंगा.

कुठला भोंगा?

६

पाच वाजता खोलीत चौघं होती: बाई, मुलगा, रजा टाकून आलेल्या सूनबाई आणि ठिणगी. इंजिनियर मशीन न्यायला पिशवी घेऊन आला. एवढी माणसं पाहून तो हसला.

"निरोप समारंभ आहे का मशीनचा?"

"बसा," बाई म्हणाल्या. वर्गातला आवाज होता तो. इंजिनियर बसला.

"कोश सापडला," ठिणगीने सुरुवात केली. "लपवला होता, पुसला नव्हता. आता लपवणारा कोण, एवढंच उरलंय. मी सकाळपासून एका प्रश्नावर अडले होते. या लाल पानाला काहीच नको होतं. ना पैसे, ना फोन. फक्त एक गोष्ट सांगत होतं ते: तुमच्या इंजिनियरला बोलवा. असं पान कोण लिहील? ज्याला बोलावलं जाणार आहे, तोच."

"काय बोलताय तुम्ही?" इंजिनियर उठला.

"बसा. वहिनींच्या खात्यातून फाइल पडली, पण वहिनी प्रयोगशाळेत होत्या, अंगठ्याचा पुरावा आहे. बाई डॉक्टरकडे होत्या. दादा गॅलरीत. खोलीत तुम्ही होता आणि मास्तर होते."

"मग त्याला विचारा ना!"

"विचारणार आहोत. या घरात पहिल्यांदाच. त्याआधी मला सांगा, काल तुम्ही आलात तेव्हा भोंगा वाजत होता म्हणालात. कुठून वाजत होता?"

"कुठून म्हणजे? स्पीकरमधून."

सूनबाईंनी टेबलाकडे पाहिलं. मग मुलाने पाहिलं. दोन दिवे होते, कॅमेरा होता.

"माझ्याकडे स्पीकर नाहीत," बाई म्हणाल्या. "कधीच नव्हते. हातांना आवाज कशाला लागतो?"

"नाही म्हणजे... डब्यातला छोटा..."

"डबा मी सकाळी उघडलाय. त्यात तोही नाही." ठिणगीने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. "पण भोंगा होता, हे मात्र खरं. लाल चित्राच्या शेजारी, फाइलीत. या घरात तो कुणीही ऐकलेला नाही. ऐका आता."

तिने बटण दाबलं. खोलीत इतका कर्कश आवाज उसळला की बाईंनी कान झाकले, मुलगा दचकून मागे सरला, सूनबाई किंचाळल्या. इंजिनियर मात्र जागचा हलला नाही. त्याला तो पाठ होता.

ठिणगीने आवाज बंद केला. "तुम्ही दारातून आत येतानाच गोष्ट तयार करून आला होता. दुसऱ्या घरांत वाजतो, इथेही वाजला असेल असं धरून चाललात. लोकांच्या घाबरण्याकडे कधी नीट पाहिलंही नाही तुम्ही."

इंजिनियरने ओठांवरून जीभ फिरवली. "हा काही पुरावा नाही. दहा घरं फिरतो, बोलण्यात चूक होते. मी पेनड्राइव्ह लावलाच नव्हता. त्या मुक्याने लावला असेल."

तेवढ्यात ठिणगीला दाराकडे हालचाल दिसली.

मास्तर उभे होते. उंबऱ्याबाहेर, एक बोटभरही आत नाही. किती वेळचे कोण जाणे. खांद्यावर मोजपट्टी तशीच होती. भोंगा त्यांना ऐकू आला नव्हता, पण तिघांचे चेहरे कसे झाले आणि एकाचा कसा झाला नाही, ते त्यांनी पाहिलं होतं.

बाई धडपडत उठल्या. मास्तरांनी हाताने त्यांना थांबवलं आणि बोलायला सुरुवात केली. ठिणगी एकेक खूण मोठ्याने सांगत गेली.

"सोमवारी मी तिथे, खिडकीपाशी बसलो होतो. हा आला. माझ्याकडे पाहून हसला. मग मी खुर्ची असल्यासारखा वागायला लागला. पडद्यामागची चिठ्ठी वाचली. डब्याच्या पुढे जागा असताना वाकून मागे पेनड्राइव्ह लावला. पिवळा. किल्ल्यांच्या जुडग्यात होता, एक कोपरा तुटलेला. पंख्याला त्याने हातही लावला नाही. मला वाटलं, याचं कामच असेल. काल मला चोर म्हणाले, तेव्हा कळलं. तेच सांगत होतो मी दारात. पिवळा, किल्ल्यांना, मागे. तीन खुणा. त्या कुणी पाहिल्या नाहीत. मला बोलता येत नाही, म्हणून याला वाटलं की मला दिसतही नाही!"

इंजिनियरचा हात खिशावर गेला. नको तिथे, नको त्या क्षणी. सगळ्यांनी पाहिलं.

"द्या इकडे," सूनबाई म्हणाल्या.

"हे माझं खाजगी..."

"माझ्या खात्याचं नाव वापरलंत तुम्ही! द्या म्हणते ना!"

मुलगा दारापाशी जाऊन उभा राहिला, मास्तरांच्या बाजूला. इंजिनियरने जुडगा टेबलावर आपटला. पिवळा, कोपरा तुटलेला. ठिणगीने तो मशीनला लावला. प्रत्येक पेनड्राइव्हला स्वतःचा नंबर असतो आणि मशीन तो लिहून ठेवतं. तिने दोन नंबर एकाखाली एक आणले, तीन तारखेचा आणि आत्ताचा. बाईंनी चष्मा सारखा करून एकेक अंक मोठ्याने वाचला. सगळे अंक तेच निघाले.

पेनड्राइव्हमध्ये त्या तीन फाइल होत्या. आणि एक यादीही होती: नावं, पत्ते, करार संपायच्या तारखा. त्यात एक जुने टपालवाले, दोन विधवा, एक अंध गायनशिक्षक, ज्यांना लाल पान दिसणारच नव्हतं, फक्त भोंगा ऐकू येणार होता.

"किती लोकांना तुम्ही मूर्ख ठरवलंत?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "काल दिवसभर मी स्वतःला विचारत होते, माझ्या हातून काय दाबलं गेलं. माझं डोकं चालेनासं झालं का. अठरा वर्षांचं काम मीच मारलं का. ते तुम्ही मला परत कसं देणार आहात?"

लेखी तक्रार मुलानेच केली, त्याच संध्याकाळी, पोलीस ठाण्यात जाऊन. यादीतल्या घरी ठिणगी आणि सूनबाई पुढचा आठवडाभर जात राहिल्या. अकरा मशीनमधून त्याच तीन फाइल निघाल्या. टपालवाल्यांनी वर्षभर कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, आपल्याला जमत नाही म्हणून.

मास्तर मात्र त्या संध्याकाळी बोलून झाल्याबरोबर वळले आणि जिना उतरून गेले. बाईंनी हाक मारली नाही. हाक मारून उपयोग नव्हता.

७

शनिवारी सकाळी मुलगा ठिणगीच्या खोलीत आला. दाढी केलेली नव्हती.

"मास्तरांकडे जायचंय. तुम्ही चला ना बरोबर. मी बोलतो, तुम्ही त्यांना सांगा."

"नाही."

"आईला नेऊ?"

"बाईंनाही नाही. तुम्ही त्यांना ज्या दारात बोललात तिथे दुभाषी नव्हता. आता कशाला हवा?" तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "खूण एकच आहे. शिकवते. पण करायची तुम्ही."

पंधरा मिनिटं लागली. चाळिशीच्या माणसाला स्वतःची बोटं एवढी अनोळखी असतात, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तिला मुळीच दया आली नाही. मात्र ती त्याच्या मागोमाग गेली आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

दार उघडलं तसा दुकानात दिवा लुकलुकला. मास्तरांनी वर पाहिलं. मुलाने हात उचलला, छातीशी आणला आणि खूण केली. चुकली. माफीच्या जागी भलतंच काहीतरी झालं. मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ते उठले, त्याचं मनगट धरलं, अंगठा आत वळवला, कोपर खाली घेतलं, आणि मान हलवून सांगितलं, पुन्हा.

दुसऱ्यांदाही चुकली. पुन्हा.

तिसऱ्यांदा जमली. मुलाचे डोळे भरून आले होते, पण त्याने नजर वळवली नाही. पहिल्यांदाच तो त्या हातांकडे बघत होता.

मास्तर काचेतून पलीकडे उभ्या ठिणगीकडे वळले आणि त्यांनी सावकाश, त्यालाही बघता येईल इतक्या सावकाश, दोन वाक्यं केली. मुलगा दारात येऊन तिच्याकडे असहाय पाहायला लागला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, राग आहे आणि तो राहणार," ठिणगी म्हणाली. "काम सोमवारी चारला."